जमिनीवरचा सूर्य

महिपत आला तेव्हा भिवा उपड्या होडीच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडत होता. मे महिन्याचे शेवटचे दिवस. बुरोंडीच्या किनाऱ्यावर बहुतेक होड्या वर ओढून, माडाच्या झापांनी शाकारून झाल्या होत्या. भिवाची तेवढी राहिली होती. त्र्याहत्तर वर्षं झाल्यावर तो स्वतः समुद्रावर जायचा थांबला होता आणि होडी भाच्याकडे दिली होती. पण तिला खरवडणं, तेल पाजणं, हे काम त्याने अजून कोणाच्या हाती दिलं नव्हतं.

महिपत त्याचा चुलत भाऊ, भावकीतला बोलता माणूस. लग्न असो की मयत, पहिला निरोप त्याच्याकडेच जायचा. तो वाळूत उकिडवा बसला आणि टोपी काढून वारा घेऊ लागला.

"दादा, बारा वर्षं झाली."

"कशाला?"

"आता ता पण मीच सांगू?"

भिवाने पत्र्याचा तुकडा फिरवला. शिंपल्यांचा चुरा वाळूवर सांडला.

"भटजींना भेटून आलंय," महिपत म्हणाला. "बारा वर्षं माणूस आला नाय, की पळसाच्या पानांचा पुतळा करायचा. तीनशे साठ पानं लागतात. डोक्याला नारळ. मग रीतसर अग्नी. पानांचा घोर तू करू नको, वरच्या वाडीतल्या पोरांना धाडतो."

"नाय केलं तर?"

"तर काय? तू हायस तोवर नाव तरी निघतं. तुझ्यामागं कोण करील? मुलगा तुला एकच. त्याला मुलगी एक. उद्या तू गेलास की तो मेला नाय, जिता नाय, असाच लटकत ऱ्हायल."

"बघू."

"बारा वर्षं तू बघतोच हायस. सुनेला, दर्शनाला तरी विचारलंस?"

भिवाने बुडावरचा चुरा हाताने झाडला. महिपतने टोपी डोक्यावर ठेवली, होडीच्या बुडावर एक थाप मारली आणि निघून गेला. भिवा खरवडत राहिला. मुलाच्या मरणाचं बोलणं झालं होतं, आपल्याला काहीतरी व्हायला हवं, असं त्याला वाटलं. झालं काही नाही. उजवा खांदा तेवढा दुखत होता, आणि तो सकाळपासूनच दुखत होता.

भिवाचा मुलगा विनोद एका परदेशी मालबोटीवर खलाशी होता. नऊ वर्षं त्याने नोकरी केली. बारा वर्षांपूर्वी त्याची बोट उरुग्वे नावाच्या देशात, मोन्टेव्हिडिओ बंदराला लागली. तो एक दिवसाची सुट्टी घेऊन गावात उतरला आणि परत बोटीवर चढला नाही. बोट दोन दिवस थांबली आणि निघाली. तिथल्या पोलिसांना तो सापडला नाही, ना जिवंत ना मेलेला. कंपनीने घरी पत्र पाठवलं. शाळेतल्या गुरुजींनी ते इंग्रजीतलं पत्र वाचून सांगितलं, की खलाशी आपल्या मर्जीने बोट सोडून गेला, असं कंपनीचं म्हणणं आहे.

त्यानंतर महिनाभराने कार्ड आलं. उतरला त्याच दिवशी विनोदने ते टपालपेटीत टाकलं असावं. एका बाजूला रंगीत चित्र होतं, दुसऱ्या बाजूला त्याच्या हातची मराठी. भिवाला तेव्हा अक्षर येत नव्हतं. कार्ड गुरुजींनी वाचलं, पोस्टमनने वाचलं, महिपतने दोनदा वाचलं. सगळ्यांच्या तोंडून तेच शब्द यायचे, पण ज्याच्या त्याच्या आवाजात. विनोदच्या आवाजात ते एकदाही आले नाहीत. म्हणून एकसष्टाव्या वर्षी भिवा अक्षरं शिकला. नात मनस्वी तेव्हा पहिलीत जात होती. तिच्याच पाटीवर तिच्या शेजारी बसून तो गिरवायचा. ती त्याच्या बोटांवर पट्टी मारायची आणि म्हणायची, "आबा, पोट बाहेर काढा त्याचं, ते ब आहे." घरात सगळे त्याला आबाच म्हणत. त्याने आपल्याआपण वाचलेला पहिला शब्दही तोच होता, कारण कार्डाची सुरुवात त्यानेच होती.

"आबा, मी बरा आहे. इथे गावाबाहेर नुसतं गवत आहे, समुद्रासारखं लांबपर्यंत. इथल्या एका जुन्या चिताऱ्याचं हे चित्र आज बघितलं. माझं सध्या ह्या चित्रासारखंच आहे. विनोद."

चित्रात सपाट गवताळ रान होतं. एक घोडेस्वार पाठमोरा, टोपी घातलेला, लांब चालला होता. क्षितिजावर घरासारखा काळा ठिपका होता आणि त्याच्या बाजूला, जमिनीला टेकलेला, लालसर सूर्य.

बुरोंडीत सूर्य डोंगरामागून येतो आणि पाण्यात जातो. जमिनीला टेकलेला सूर्य म्हणजे सकाळ, यात कोणाला काय विचारायचं? गुरुजींनी सकाळ म्हटलं, पोस्टमननेही. माणूस सकाळी घोड्यावर बसून, आपल्याकडे पाठ करून, नव्या मुलखात निघालाय. आणि विनोद लिहितो की माझं असंच आहे. म्हणजे तो निघाला. कुठेतरी आहे, गवताच्या मुलखात, कदाचित घोड्यावरसुद्धा. जिवंत आहे. भिवाने एवढंच धरून ठेवलं. त्याची बायको गोदा पाच वर्षांपूर्वी गेली, तीही तेवढंच धरून गेली.

गावानेही कार्डाचा अर्थ लावला, तो थोडा पुढे नेऊन. पोरगा बायकोला टाकून गेला. तिकडेच कुणाबरोबर घर केलं असेल. चैत्रातल्या हळदीकुंकवाला दर्शनाला बोलवायचं की नाही, हे बायकांना दर वर्षी नव्याने ठरवावं लागे. विधवा असती तर सरळ होतं, सवाशीण असती तरी सरळ होतं. टाकलेलीचं काय करतात ते कोणाला माहीत नव्हतं. दर्शनाने ते कार्ड एकदा हातात घेतलं होतं, चित्र बघितलं होतं आणि भिवाला परत दिलं होतं. पुन्हा कधी मागितलं नाही.

त्या दिवशी दुपारी ती दापोलीच्या बाजारातून मासळी विकून आली. रिकामी पाटी तिने पडवीत उपडी ठेवली, पाय धुतले आणि भिवाला भात वाढला.

"महिपत आला होता," भिवा म्हणाला.

"माहिती हाय. मलाही भेटला एसटी स्टँडवर."

"काय म्हणतेस?"

"मी काय म्हणू? मुलगा तुमचा."

"नवरा तुझा."

दर्शनाने आमटी वाढली. "तो कुठं हाय ता मला माहिती नाय, आबा. असला तर मी त्याला नको झालेली हाय. नसला तर त्याला पाणी मिळत नाय. दोन्ही गोष्टी मी एकाच कपाळावर घेऊन बाजारात बसते. तुम्ही म्हणाल तसं."

ती हे माशांचा भाव सांगावा तशी बोलली. मग आत जाऊन भांडी घासू लागली. भिवाने पुढचा घास घेतला.

दोन दिवसांनी मनस्वी सुट्टीला आली. ती आता अठरा वर्षांची होती, देवरूखला चित्रकला शिकत होती. खांद्याची पिशवी न उतरवताच ती होडीकडे आली.

"आबा, तेल किती पाजता हिला? माणसाला येवढं दूध कोणी पाजत नाय."

"माणूस गळायला लागला तर त्यालापण पाजतील. जेवलीस?"

"नाय. आधी ते कार्ड काढा."

कार्ड पडवीतल्या डब्यात असायचं, जाळं विणायच्या सुयांबरोबर, प्लास्टिकच्या पिशवीत. ते तो कोणाला नेऊ देत नसे, म्हणून मनस्वीने दिवाळीत त्याचा मोबाइलवर फोटो काढून नेला होता. आता ती भिवाच्या शेजारी पडवीच्या पायरीवर बसली. दर्शना आत कोलंबी सोलत होती. दार उघडं होतं.

"हा चितारी माझ्या सरांना सापडला," मनस्वी म्हणाली. "ब्लानेस त्याचं नाव. जुना, सव्वाशे वर्षांपूर्वी वारला. तिकडचा मोठाच माणूस होता. त्या मुलखातल्या लढाया, साथीचे रोग, सगळं काढायचा. आणि गवतावरचे हे घोडेवाले, गुराखी, ते पण काढायचा. त्याला दोन मुलगे होते, दोघंही चितारीच. थोरला वारला. धाकटा इटलीला गेला आणि तिकडे नाहीसा झाला."

"नाहीसा म्हणजे?"

"म्हणजे नाहीसा. कोणाला कळलं नाय. मग हा बाप त्याला शोधायला स्वतः गेला. सत्तर वर्षांचा. अख्खा समुद्र ओलांडून."

भिवाने हातातलं कार्ड उलटं केलं, मग सुलटं केलं. त्याने स्वतः कधी पासपोर्टसुद्धा काढला नव्हता. पहिल्या वर्षी गोदा म्हणायची, तुम्ही जा. तो म्हणायचा, कुठे जाऊ, कोणाला विचारू, माझी भाषा कोणाला कळेल. ते खरंच होतं. पण मासा नसतानाही माणूस जाळं टाकून बघतो, तेवढंही त्याने केलं नव्हतं.

"सापडला?" त्याने विचारलं.

"नाय. बाप तिकडेच वारला, इटलीत."

"मग त्या पोराचं कोणी केलं?"

"काय केलं?"

"क्रियाकर्म गो."

"ते पुस्तकात नाय, आबा. पण करायला कोणी उरलं नसेल."

आत कोलंबीची सालं पाण्यात पडल्याचा आवाज येत होता.

"आणखी एक हाय," मनस्वी म्हणाली. "हे चित्र सकाळचं नाय."

"अगो, सूर्य जमिनीवर हाय."

"तेच तर. मी देवरूखला गेले ना, पहिल्याच दिवशी गच्चीवर उभी होते. सूर्य गेला डोंगरात. मी म्हटलं, अरे, हा जमिनीवर कसा काय मावळला? पोरी हसून हसून पडल्या. म्हणाल्या, ही समुद्रावरची, हिच्या सूर्याला पोहता येतं. तेव्हापासून डोक्यात होतं. ह्या मुलखात तर समुद्र पूर्वेला, म्हणजे सूर्य पाण्यातून येतो आणि जमिनीवर मावळतो. खाली बारीक अक्षरात चित्राचं नाव लिहिलंय, बघा. सरांनी त्याचा अर्थ काढला. संध्याकाळ."

भिवाने कार्ड डोळ्यांजवळ नेलं. ती अक्षरं त्याच्या ओळखीची नव्हती. मग त्याने चित्र बघितलं. बारा वर्षं रोज बघितलेलं. घोड्याची मान खाली होती. पाय गुडघ्यापर्यंत मातीने भरलेले होते. स्वाराची पाठ वाकलेली होती, टोपी मानेवर उतरली होती. सकाळी निघालेला घोडा असा नसतो. भरून येणारी होडी आणि रिकामी जाणारी होडी भिवाला मैलावरून कळायची. पाण्यात ती किती बसलीय, एवढं बघितलं की पुरे. आणि हातभर अंतरावरचा घोडा त्याला बारा वर्षं कळला नव्हता.

"मग तो काळा ठिपका?" तो म्हणाला.

"घर. त्याचं घर हाय ते. दिवसभराचं काम करून घरी चाललाय."

कोलंबी सोलायचा आवाज थांबला होता. दर्शना दारात उभी होती. हात ओले होते, ते तिने पदराला पुसले नव्हते, तसेच लांब धरले होते.

"म्हणजे घरी येत होता," ती म्हणाली.

विनोदचं कंत्राट त्या वेळी तीन महिन्यांत संपणार होतं, हे तिघांनाही माहीत होतं.

"दमला होता आणि घरी येत होता," दर्शना पुन्हा म्हणाली. तिचा चेहरा बदलला नाही. तिने चौकटीला खांदा टेकवला एवढंच. "मग तो कुठं गेला नाय. त्याला काहीतरी झालं. आबा, पळसाची पानं आणायला सांगा."

भिवाने मान हलवली. मग कार्ड पिशवीत घालायला गेला, आणि पिशवीचं तोंडच सापडेना.

वरच्या वाडीतल्या पोरांनी दोन दिवसांनी पानं आणली. दोन गोणी भरून. किनाऱ्यावर जिथे गावाच्या चिता जळतात तिथे भटजींनी जागा सारवून घेतली. महिपतने पानं मोजून ढीग लावले. डोक्याला चाळीस, मानेला दहा, असं करत करत पायांपर्यंत. नारळ सोलून ठेवला. देठ एकात एक अडकवत भिवा पानांचा माणूस करू लागला. मुलगा नसेल तर बापाने करायचं. आयुष्यभर जाळी विणलेले हात होते, त्यांना हे काम नवं वाटलं नाही. छाती झाली, हात झाले.

"दादा, त्याचं काहीतरी ठेवायला पाहिजे वर," महिपत हळूच म्हणाला. "अंगाचं नायतर हातचं. ता कार्ड हाय ना?"

कार्ड दर्शनाकडे होतं. आदल्या दिवशी भिवाने ते डब्यातून काढून तिला दिलं होतं, काही न बोलता, आणि तिने घेतलं होतं. आता ती बायकांमध्ये बसली होती, मनस्वीच्या शेजारी. कार्ड मांडीवर होतं, चित्राची बाजू वर.

"ते नको," ती म्हणाली. "शर्ट आणलाय त्याचा."

शर्ट ठेवला. भिवा डोक्याची पानं लावू लागला. पाच लावली, दहा लावली. आणि अकरावं पान हातात असताना त्याला ते सुचलं.

विनोदही बुरोंडीचाच होता.

तो ह्याच किनाऱ्यावर वाढला होता. त्याचाही सूर्य डोंगरातून यायचा आणि पाण्यात जायचा. नऊ वर्षं बोटीवर काढली, पण बोटीवर सूर्य पाण्यातून येतो आणि पाण्यातच जातो. त्या परक्या गावात, त्या चित्रासमोर उभं राहून, खालची अक्षरं न वाचता येणाऱ्या त्या पोराने काय बघितलं असेल? जमिनीला टेकलेला सूर्य. बारा वर्षं अख्ख्या गावाने जे बघितलं तेच. त्यालाही ती सकाळच वाटली असेल. आणि मग त्याने लिहिलं, माझं असंच आहे.

किंवा कोणी त्याला सांगितलं असेल. किंवा घोड्याचे पाय त्याने बघितले असतील, बापाला दिसले नाहीत ते. विचारायला माणूस नव्हता.

"पुढचं पान," भटजी म्हणाले.

भिवाने तोंड उघडलं होतं. तो म्हणू शकला असता, थांबा. तेवढ्यावर सगळं थांबलं असतं. पानं तशीच वाळली असती, आणि विनोद पुन्हा घोड्यावर बसून गवतातून निघाला असता. त्याने दर्शनाकडे बघितलं. ती रडत नव्हती. कार्डावर उडून आलेली वाळू ती अंगठ्याने एका बाजूला सारत होती, जपून, चित्राला ओरखडा पडू नये म्हणून.

"दादा?" महिपत म्हणाला.

भिवाने अकरावं पान लावलं. मग बारावं. चाळीस झाल्यावर नारळ ठेवला. मग त्याने अग्नी दिला. ओली पानं आधी नुसती धुमसली, तडतडली, आणि मग एकदम पेटली. पानांचा माणूस जळायला फार वेळ लागत नाही. लोक परत निघाले तेव्हा ऊन अजून चांगलंच वर होतं.

तेरावं झालं. पाऊस लागला. होड्यांना सुट्टी असल्यामुळे ताजी मासळी नव्हती. दर्शना सुकी मासळी घेऊन बाजारात बसायची. गळ्यातले काळे मणी तिने उतरवून डब्यात ठेवले होते, जाळ्याच्या सुयांच्या डब्यात, कारण कार्ड आता तिथे नव्हतं. ते तिने स्वयंपाकघरात, चुलीपासून लांब, फळीवर लावलं होतं. भिवाला ते बघायचं असलं तर आत जावं लागे. तो फारसा गेला नाही.

एका दुपारी शेजारची चिमाआजी वाकडी छत्री घेऊन पडवीत आली. ती भिवाच्याही वरच्या वयाची होती, आणि गावात तिच्या तोंडाला दार नव्हतं.

"काय गो दर्शने," ती बसता बसता म्हणाली, "बाजारात तू काय सांगतेस बायकांना? बारा वर्षं ऐकत होतो की तो टाकून गेला. आणि आता म्हणे घरी येत होता."

"येत होता," दर्शना म्हणाली. ती सुके बोंबील निवडत होती, तिने मान वर केली नाही. "घरी येताना गेला. तो टाकून गेला नव्हता, आजी. ज्यांनी ज्यांनी म्हटलं त्यांना सांगते मी."

"तुला काय ठाऊक मेले?"

"आबांना विचारा. बापाला माहिती हाय."

चिमाआजीने छत्री मिटली, तिचं पाणी झटकलं आणि खांबाला टेकून बसलेल्या भिवाकडे वळली. दर्शनाचे हात बोंबलांवर थांबले.

"होय काय रे, भिवा? येत होता तो?"

पागोळ्यांचं पाणी पडवीच्या कडेला एका रेषेत पडत होतं. भिवाने ती रेषा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली.

"होय," तो म्हणाला. "येत होता."

दर्शनाने पुढचा बोंबील उचलला. भिवाने बाजूचं फाटकं जाळं मांडीवर ओढून घेतलं आणि डब्यातून सुई काढली. काढताना बोटाला मणी लागले. ते त्याने हळूच बाजूला केले आणि झाकण लावलं.